शंभरातली एक पेशी

प्रतिकारशास्त्रज्ञ राल्फ स्टाइनमन यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी शेवटाकडून सांगितली जाते. शुक्रवारी, ३० सप्टेंबर २०११ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं. सोमवारी, ३ ऑक्टोबरला स्टॉकहोममध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेलसाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि पुकारणाऱ्यांना ते गेल्याची खबरच नव्हती. गोष्ट खरी आहे, चटका लावणारी आहे. पण तिच्यामागे या माणसाची चाळीस वर्षांची मजुरी झाकून जाते, आणि मला रस आहे तो त्या मजुरीत.

उंदराच्या प्लीहेत ढोबळमानानं दहा कोटी पेशी असतात. त्यांत शंभरामागे एखाद-दीड पेशी इतरांसारखी नाही, हे स्टाइनमन आणि त्यांचे गुरू झॅनव्हिल कोन यांनी १९७३ साली छापून सांगितलं. तीच ही डेंड्रिटिक पेशी. ती कुठल्याही प्रयोगशाळेला हवी तेवढी मिळायला १९९२ उजाडलं. रोगप्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या दोन सालांमध्ये एका परिच्छेदाचंही अंतर नसतं. खरा इतिहास त्या अंतरातच आहे, आणि तो कल्पनांचा कमी, पेशी वेगळ्या काढण्याच्या कसबाचा जास्त आहे.

स्टाइनमन यांचा जन्म १९४३ सालचा, माँट्रियलचा. मॅकगिल विद्यापीठातून पदवी, मग हार्वर्डमधून १९६८ साली डॉक्टरकी, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उमेदवारी, आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कोन यांच्या प्रयोगशाळेत प्रवेश. तिथून ते शेवटपर्यंत हलले नाहीत. त्या प्रयोगशाळेचं नावच 'पेशी-शरीरक्रिया आणि प्रतिकारशास्त्र' असं होतं. कोन आणि त्यांचे सहकारी जेम्स हर्श यांनी मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशींचा अभ्यास तिथे रुजवला होता. जंतू गिळला की पेशीच्या आत काय होतं, लायसोसोम नावाच्या पाचक पिशव्या त्याच्यावर कशा रित्या होतात, हा त्यांचा हातखंडा विषय.

स्टाइनमननी सुरुवात केली ती याच वाटेनं. हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळापासून मिळणारं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम मॅक्रोफेजला पाजायचं, मग डायअमिनोबेन्झिडिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्याचा गडद साका पाडायचा, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो कुठल्या पिशवीत दिसतो ते मोजायचं. काम किचकट, पण त्यातून एक आकडा निघाला जो आजही थक्क करतो: मॅक्रोफेज आपल्या पृष्ठभागाइतकं पटल, म्हणजे पेशीचं आवरण, दर ३३ मिनिटांनी आत ओढून घेतो. एवढं पटल तितक्या वेळात नव्यानं बनवणं शक्य नाही, म्हणजे तेच परत वर येत असणार. पटलाच्या या फेऱ्यांवर पुढे पेशीशास्त्रज्ञ आयरा मेलमन यांच्यासोबत त्यांनी बरंच लिहिलं. एखाद्याचं आयुष्य याच विषयात सहज गेलं असतं.

पण त्यांना छळणारा प्रश्न वेगळा होता. प्रतिकाराची सुरुवात कोण करतं? १९६७ साली मिशेल आणि डटन यांनी प्लीहेच्या सुट्या पेशी काचपात्रात मेंढीच्या लाल पेशींबरोबर वाढवून अँटिबॉडी तयार करून दाखवल्या होत्या. त्याच वर्षी डोनाल्ड मोझिअर यांनी दाखवलं की नुसते लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ठेवले तर काहीच होत नाही. भांड्याला चिकटणाऱ्या पेशीही सोबत लागतात. चिकटणाऱ्या म्हणजे मॅक्रोफेज, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांना 'मदतनीस पेशी' म्हणायचे. मदत म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

स्टाइनमननी केलं ते अगदी साधं. त्या चिकटलेल्या पेशी त्यांनी नुसत्या बघितल्या. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी रंग न देता दिसते, तिची हालचाल दिसते. प्लीहेतल्या चिकट पेशींत बहुतेक मॅक्रोफेजच होते, पण मधूनमधून एक निराळीच पेशी दिसे. तिला फांद्या फुटलेल्या असत. त्या सतत लांबत, आखडत, वळत. केंद्रक मोठं, वेडंवाकडं, त्यात बहुधा दोन छोट्या केंद्रिका. मायटोकॉन्ड्रिया गोलसर आणि भरपूर. मॅक्रोफेजची ओळख असलेल्या लायसोसोमच्या पिशव्या मात्र फारच थोड्या. आणि ही पेशी काही गिळत नव्हती. कोन यांच्या प्रयोगशाळेत मॅक्रोफेज सगळ्यांनी इतके पाहिले होते की जे मॅक्रोफेज नाही ते तिथे चटकन नजरेत भरलं. इतर कुठे ती 'आजारी मॅक्रोफेज' म्हणून सोडून दिली गेली असती, असं मला राहून राहून वाटतं. पेशीला त्यांनी डेंड्रिटिक पेशी हे नाव दिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोडं पेंड खाल्लं ते पुढे. दिसणारी पेशी म्हणजे चित्र. तिचं काम दाखवायचं तर ती बाकीच्या ९९ पेशींपासून वेगळी काढायला हवी. आज पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणेला चमकणारी अँटिबॉडी लावून यंत्रातून अर्ध्या दिवसात पेशी निवडता येतात. तेव्हा डेंड्रिटिक पेशीची अशी एकही खूण माहीत नव्हती. हाताशी होते ते तीन गुण: ही पेशी हलकी असते, ती भांड्याला चिकटते पण कायमची नाही, आणि मॅक्रोफेजवर असतो तसा, अँटिबॉडीची शेपटी पकडणारा एफसी रिसेप्टर तिच्यावर जवळपास नसतो. या तीन गुणांवर सगळी कृती बेतली होती.

प्लीहा चिमट्यानं विस्कटून पेशी सुट्या करायच्या. पुढच्या काळात यात कोलॅजिनेज हे एन्झाइम आलं, कारण नुसतं विस्कटून बऱ्याच डेंड्रिटिक पेशी प्लीहेच्या आवरणाला आणि जाळीला धरून राहतात आणि उरलेल्या लगद्याबरोबर कचऱ्यात जातात. सुट्या केलेल्या पेशी गोवंशीय अल्ब्युमिनच्या घट्ट द्रावणात मिसळायच्या, घनता सुमारे १.०८, वर हलकं माध्यम ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या. बहुतांश लिम्फोसाइट आणि लाल पेशी तळाला बसतात, हलक्या पेशी दोन थरांच्या सीमेवर तरंगतात. द्रावणाची घनता दुसऱ्या दशांशात चुकली तरी खेळ संपतो: जास्त झाली तर लिम्फोसाइटही तरंगतात, कमी झाली तर हव्या त्या पेशीच तळाला जातात. अल्ब्युमिनची प्रत्येक खेप मोजून घ्यावी लागे.

तरंगणाऱ्या पेशी भांड्यात घालून ३७ अंशांवर तास-दोन तास ठेवायच्या. चिकटतील त्या राहतात, बाकीच्या धुऊन टाकायच्या. धुणं जोरात झालं तर डेंड्रिटिक पेशी सुटतात, हलक्या हातानं झालं तर लिम्फोसाइट मागे राहतात. इथे लेखी कृतीपेक्षा हात महत्त्वाचा. मग भांडं रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळपर्यंत डेंड्रिटिक पेशी आपणहून सुटून वर आलेल्या असतात, मॅक्रोफेज बुडाला घट्ट चिकटून असतात. तरीही काही मॅक्रोफेज सोबत येतातच. म्हणून शेवटची पायरी: मेंढीच्या लाल पेशींना अँटिबॉडी माखून त्या मिसळायच्या. ज्या पेशीवर एफसी रिसेप्टर आहे तिच्याभोवती लाल पेशींचं कडं तयार होतं, ती जड होते, पुन्हा फिरवलं की खाली जाते. वर उरतात त्या डेंड्रिटिक पेशी, नव्वद टक्क्यांच्या आसपास शुद्ध.

हिशेब केला तर एका प्लीहेत मुळात दहा-पंधरा लाख डेंड्रिटिक पेशी, आणि प्रत्येक पायरीवर गळती. शेवटी हाती लागे तो त्यातला लहानसा वाटा. एका बऱ्यापैकी प्रयोगाला अनेक उंदीर आणि पूर्ण दोन दिवस. इतर प्रयोगशाळांनी ही कृती एकदा करून पाहिली आणि नाद सोडला, यात मला काही नवल वाटत नाही. 'त्या पेशी रॉकफेलरमध्येच दिसतात' असं म्हणणाऱ्यांना दोष देता येईल, पण त्यांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये त्या खरंच दिसत नव्हत्या.

काम दाखवण्यासाठी स्टाइनमननी निवडला तो मिश्र ल्युकोसाइट प्रतिसाद. एका जातीच्या उंदराच्या टी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) घ्यायच्या, दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी त्यांत उत्तेजक म्हणून घालायच्या. उत्तेजक पेशींना आधी किरणोत्सर्ग किंवा मायटोमायसिन देऊन त्यांची वाढ थांबवायची, नाहीतर कोण वाढतंय तेच कळत नाही. चार-पाच दिवसांनी ट्रिशियम लावलेलं थायमिडीन घालायचं. ज्या पेशी विभागत असतील त्या ते डीएनएमध्ये ओढून घेतात, आणि काउंटर किती किरणोत्सर्ग आत गेला ते सांगतो. आकडा फसवतो तो दोन प्रकारे. दिवस चुकला की प्रतिसादाचा कळस निघून गेलेला असतो, आणि उत्तेजक पेशी प्रमाणाबाहेर घातल्या की त्याच गुदमरवतात. म्हणून एकाच मात्रेवर विसंबायचं नसतं. उत्तेजक पेशी टप्प्याटप्प्यानं कमी करत जायचं आणि पूर्ण उतार काढायचा. १९७८ साली मार्गारेट विटमर यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्टाइनमननी हाच उतार दाखवला: डेंड्रिटिक पेशी इतर पेशींपेक्षा शंभरपट किंवा त्याहून प्रभावी उत्तेजक होत्या.

या शंभरपटीत सगळी ग्यानबाची मेख आहे. समजा, प्लेटमधल्या एका खळग्यात एक लाख 'मॅक्रोफेज' टाकले आणि ते ९९ टक्के शुद्ध आहेत. उरलेल्या एक टक्क्यात डेंड्रिटिक पेशी असल्या तर त्या झाल्या एक हजार. प्रत्येकीचं बळ शंभरपट धरलं तर त्या हजार पेशी एक लाख मॅक्रोफेजचं काम एकट्या करतील, आणि मॅक्रोफेज स्वतः काडीही न हलवता श्रेय घेऊन जातील. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय असलेल्याला हे पचणं अवघडच, कारण इथे ज्या शितावर निकाल ठरतो ते शंभरात एकच आहे आणि ते चमच्यात येईलच असं नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांतले मॅक्रोफेजच्या नावे जमा झालेले कितीतरी निष्कर्ष या एका गणितानं संशयास्पद ठरतात. ज्यांची कारकीर्द त्या निष्कर्षांवर उभी होती त्यांना हे आवडलं नाही, हे ओघानं आलंच.

उलट बाजूनं पुरावा हवा होता: ती एक टक्का पेशी काढून टाकली तर काम थांबतं का? त्यासाठी खूण सापडायला हवी होती. १९८२ साली स्टाइनमन यांचे विद्यार्थी मिशेल नुसेनझ्वाइग आणि सहकाऱ्यांनी ३३डी१ ही मोनोक्लोनल (एकाच खुणेला धरणारी) अँटिबॉडी तयार केली, जी उंदराच्या प्लीहेतल्या डेंड्रिटिक पेशींना धरते आणि मॅक्रोफेजना सोडते. ही अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट एकत्र दिलं की त्या पेशी फुटून मरतात. या तंत्राचा स्वभाव अवघड आहे. कॉम्प्लिमेंट म्हणजे पेशी फोडणारी प्रथिनं असलेलं सशाचं किंवा गिनीपिगचं ताजं सीरम, आणि प्रत्येक खेप सारखी नसते. एखादी खेप सुक्याबरोबर ओलंही जाळते. म्हणून नुसत्या कॉम्प्लिमेंटचा वेगळा खळगा लावावाच लागतो, नाहीतर पेशी कशानं मेल्या तेच ठरवता येत नाही. १९८३ साली या रीतीनं दाखवलं गेलं की प्लीहेतून तो एवढासा अंश काढला की मिश्र प्रतिसाद उत्तेजित करण्याची बहुतांश ताकद निघून जाते. त्याच सुमारास वेस्ली व्हॅन व्होरहिस यांनी माणसाच्या रक्तात याच पेशी शोधल्या; तिथे तर त्या एक टक्क्याहूनही कमी.

आता विरोधकांचा एक आक्षेप उरला होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. टी-पेशीला अँटिजेन, म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिकार करायचा तो परका पदार्थ, दाखवायचं तर आधी ते गिळून, त्याचे तुकडे करून, पृष्ठभागावरच्या एमएचसी या तुकडे दाखवणाऱ्या रेणूत बसवावं लागतं. डेंड्रिटिक पेशी काही गिळत नाही, असं खुद्द स्टाइनमनच म्हणत होते. जी खात नाही ती दुसऱ्याला वाढणार काय?

उत्तर त्वचेत होतं. पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १८६८ साली बाह्यत्वचेत फांद्या असलेल्या पेशी पाहिल्या होत्या आणि त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असा तर्क केला होता. ऑस्ट्रियाहून आलेले गेरोल्ड शूलर यांनी स्टाइनमन यांच्याकडे या लँगरहान्स पेशी काढून कल्चरमध्ये, म्हणजे भांड्यात वाढत, ठेवल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ताज्या काढलेल्या पेशी टी-पेशींना फारसं उत्तेजित करत नाहीत, पण दोन-तीन दिवस कल्चरमध्ये राहिल्या की त्या प्लीहेतल्या डेंड्रिटिक पेशींसारख्याच जोरदार होतात. पुढच्या प्रयोगांत हेही कळलं की ताज्या पेशी प्रथिन आत घेऊन त्याचे तुकडे दाखवू शकतात, आणि कल्चरमध्ये मुरलेल्यांची ती क्षमता गेलेली असते. म्हणजे एकाच पेशीच्या दोन अवस्था. अपक्व असताना ती ऊतीत बसून गोळा करते. धोक्याची चाहूल लागली की गिळणं बंद करते, एमएचसी आणि सहउत्तेजक रेणू पृष्ठभागावर आणते आणि लसीका गाठीकडे निघते.

यातली गंमत अशी की प्लीहेच्या कृतीतलं ते 'रात्रभर इन्क्युबेटरमध्ये' हे वाक्य निरुपद्रवी नव्हतं. पेशी सुटून वर याव्यात म्हणून ठेवलेली ती रात्रच त्यांना पक्व करत होती. वर्षानुवर्षं मोजली गेली ती बऱ्याच अंशी पक्व पेशीच, आणि 'ती गिळत नाही' हा निष्कर्ष अर्धा पेशीचा होता, अर्धा कृतीचा. पेशीशास्त्रात काम करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं आहे: पेशी वेगळी काढण्याची रीत पेशीला बदलते, आणि आपण मोजतो ती बदललेली पेशी.

तरीही पेशींचा तुटवडा होताच. तो संपवला क्योतोहून आलेल्या कायो इनाबा यांनी. १९९२ साली प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धत आज जगभर एम.एस्सी.चे विद्यार्थीही करतात. उंदराच्या मागच्या पायांची लांब हाडं काढायची, दोन्ही टोकं कापायची, बारीक सुईच्या सिरिंजनं माध्यम सोडून आतली मज्जा धुऊन काढायची. लाल पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडायच्या. लिम्फोसाइट आणि आधीच एमएचसी-२ असलेल्या पेशी अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंटनं मारायच्या. उरलेल्या पेशी २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये, मिलिलिटरला दहा लाखांच्या आत-बाहेर, जीएम-सीएसएफ या वाढघटकाबरोबर लावायच्या.

पहिले दोन-तीन दिवस प्लेट निराशाजनक दिसते; सगळीकडे ग्रॅन्युलोसाइट या नको असलेल्या, सुट्या तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी प्लेट हलकेच फिरवून ते वरचं माध्यम काढून टाकायचं आणि ताजं घालायचं. इथेच नवशिक्या कच खातो: एवढ्या पेशी फेकवत नाहीत, मग ग्रॅन्युलोसाइट राहतात आणि वाढघटक तेच फस्त करतात. नीट धुतलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी बुडाला चिकटलेल्या पेशींवर गोळे दिसू लागतात, कडेनं झालरी असलेले. हे गोळे हलक्या हातानं सुटे करून, स्वतःच्या वजनानं तळाला बसू देऊन, नव्या प्लेटमध्ये लावले की दुसऱ्या दिवशी त्यांतून पक्व डेंड्रिटिक पेशी बाहेर पडतात. एका उंदराच्या मागच्या पायांतून आठवड्याभरात पन्नास लाखांहून अधिक. प्लीहेच्या हिशेबापुढे हा सुकाळ होता.

१९९४ साली माणसाच्या पेशींचंही जमलं. सालुस्तो आणि लान्झावेकिया यांनी, तसंच रोमानी, शूलर आणि स्टाइनमन यांच्या गटानं, रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना जीएम-सीएसएफबरोबर आयएल-४ हे निरोप्या प्रथिन दिलं की त्या डेंड्रिटिक पेशींकडे वळतात हे दाखवलं. आयएल-४ कमी पडलं किंवा जुनं होऊन निकामी झालं, तर त्याच मोनोसाइट मॅक्रोफेज होऊन प्लास्टिकला घट्ट चिकटतात. दिवस पाचवा उजाडला आणि प्लेट रिकामी वाटून सगळं बुडाशी सपाट दिसलं, तर बहुधा हेच कारण.

सर्वांत छुपा शत्रू एन्डोटॉक्सिन. जीवाणूच्या भित्तिकेतला हा रेणू सीरममध्ये, पाण्यात, ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनात लेशमात्र असला तरी पेशी वेळेआधी पक्व होतात. मग तुमचं प्रथिन पेशींना पक्व करतं असा शोध लागतो, आणि तो शोध प्रथिनाचा नसून कचऱ्याचा असतो. प्रत्येक द्रावणाची चाचणी करून घेणं आणि एन्डोटॉक्सिन निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घातलेला खळगा सोबत लावणं हाच उपाय. दुसरी खोड पिपेटची. गोळे जोरानं वर-खाली करून फोडले की पेशी तेवढ्यानंच पक्व दिसू लागतात. पुढे मेलमन यांच्या गटानं दाखवलं की पेशींना जोडणाऱ्या ई-कॅडहेरिनचे बंध तुटणं हाच तिथे इशारा असतो, आणि अशा पेशी दिसायला पक्व असल्या तरी दाहकारक सायटोकाइन (निरोप्या प्रथिनं) सोडत नाहीत. त्या प्रतिकार पेटवण्याऐवजी सहनशीलतेकडे, म्हणजे प्रतिकार न करण्याकडे, झुकतात.

ही दुसरी बाजू, म्हणजे सहनशीलता, स्टाइनमन यांच्या उत्तरार्धाचा विषय झाली. रॉकफेलरमध्ये त्यांच्याबरोबर डॉ. माधव धोडपकर आणि डॉ. नीना भारद्वाज यांनी निरोगी स्वयंसेवकांवर केलेली दोन कामं एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. १९९९ साली पक्व पेशींना अँटिजेन लावून एकदाच टोचलं, तर टी-पेशींचा प्रतिसाद झपाट्यानं वाढला. २००१ साली फ्लूच्या विषाणूतला पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) लावून अपक्व पेशी दोन व्यक्तींना टोचल्या, तर आधीपासून असलेला प्रतिसाद काही काळ मंदावला. पेशी तीच, अँटिजेनही तेच, फरक अवस्थेचा. त्याच वर्षी उंदरांत असंच दिसलं. डेंड्रिटिक पेशींवरच्या डीईसी-२०५ रिसेप्टरला धरणाऱ्या अँटिबॉडीला अँटिजेन जोडून दिलं, तर टी-पेशी थोड्या वाढल्या आणि मग नाहीशा झाल्या. सोबत त्याच पेशींवरच्या सीडी-४० या रेणूला चेतवणारी अँटिबॉडी दिली तर टिकाऊ प्रतिकार तयार झाला. लसीत अँटिजेनबरोबर चेतक द्रव्य का लागतं, याचं इतकं स्वच्छ उत्तर त्याआधी नव्हतं. नोबेलमध्ये त्यांच्याबरोबर ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांची नावं आली तीही याच दुव्यामुळे. जंतूची चाहूल देणारे टोल रिसेप्टर त्या दोघांनी उलगडले, आणि ती चाहूल टी-पेशींपर्यंत पोचवणारी पेशी स्टाइनमन यांची.

मार्च २००७ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं, लसीका गाठींपर्यंत पसरलेला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि काढलेली कर्करोगाची गाठ सहकाऱ्यांनी जपून ठेवली. पुढच्या चार वर्षांत अनेक प्रायोगिक उपचार त्यांच्यावर झाले. त्यांत त्यांच्याच रक्तातून वाढवलेल्या आणि त्यांच्याच गाठीतल्या आरएनएनं किंवा पेप्टाइडनं सज्ज केलेल्या डेंड्रिटिक पेशीही होत्या. या उपचारांना रीतसर परवानगी घेतली गेली. ते साडेचार वर्षं जगले, जे या आजारात बरंच मानलं जातं. यावरून 'स्वतःच्या शोधानं स्वतःला जगवलं' अशी वाक्यं लिहिली गेली. शस्त्रक्रिया, औषधं आणि एकामागून एक दिलेल्या लसी, सगळं एकाच शरीरात, तुलनेला दुसरा खळगा नाही. यातून काय कशानं झालं हे सांगता येत नाही. आयुष्यभर नियंत्रक खळग्याशिवाय आकडा न मानलेल्या माणसाच्या नावावर असा निष्कर्ष खपवणं मला पटत नाही.

तुलना करून झालेलं काम जास्त कोरडं आहे. २०१० साली अमेरिकेत सिपुल्यूसेल-टी या प्रोस्टेट कर्करोगावरच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातून पेशी काढायच्या, प्रोस्टेटचं एक प्रथिन आणि जीएम-सीएसएफ जोडून बनवलेल्या रेणूबरोबर त्या ठेवायच्या आणि परत द्यायच्या. साधारण दोन-दोन आठवड्यांनी तीन वेळा. ५१२ रुग्णांच्या चाचणीत आयुर्मानाचा मध्यक ४.१ महिन्यांनी वाढला, रोग वाढण्याचा वेग मात्र बदलला नाही. तेव्हाची किंमत ९३ हजार डॉलर. त्यातही पिशवीत जातं ते शुद्ध डेंड्रिटिक पेशींचं द्रावण नव्हेच. ते रक्तातल्या मिश्र पेशींचं असतं आणि सीडी-५४ ही खूण मोजून त्याचा दर्जा ठरवतात. या पेशींवर वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेल्यांना ४.१ महिने थोडे वाटले असतील. पण डेंड्रिटिक पेशींच्या इतर चाचण्यांतही, गाठ आधीच पसरलेल्या, केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांच्या मोनोसाइटपासून पेशी वाढवायच्या, त्या त्वचेत टोचायच्या, आणि त्यांतल्या थोड्याच लसीका गाठीपर्यंत पोचतात हे माहीत असून जोरदार प्रतिसादाची आशा धरायची, यात पाणी कुठे मुरत होतं ते उघड आहे.

नोबेलचा पेच लवकर सुटला. मृत व्यक्तीला पुरस्कार देऊ नये असा नियम आहे. पण निवड करताना ते हयात आहेत असं प्रामाणिकपणे मानलं गेलं होतं, म्हणून निर्णय कायम राहिला.

त्यांच्यानंतर राहिलेलं भांडण जास्त रंजक आहे. डेंड्रिटिक पेशी ही खरंच वेगळी जात आहे की मॅक्रोफेजचीच एक छटा, हा वाद त्यांच्या हयातीत पूर्ण मिटला नव्हता. २०१२ साली दोन गटांनी झेडबीटीबी-४६ हे जनुक दाखवलं, जे प्रतिकारपेशींमध्ये प्रामुख्यानं अस्सल डेंड्रिटिक पेशींत आणि त्यांच्या पूर्वजांत चालू असतं आणि मॅक्रोफेजमध्ये बंद. त्यांतला एक गट नुसेनझ्वाइग यांचा. आणि २०१५ साली असं निघालं की जीएम-सीएसएफवर वाढवलेल्या मज्जेच्या कल्चरमध्ये सीडी-११सी आणि एमएचसी-२ या दोन्ही खुणा असलेल्या पेशीही एकजात नसतात. त्यांत मॅक्रोफेजसारख्या आणि डेंड्रिटिक अशा दोन वस्त्या असतात आणि एन्डोटॉक्सिन दिलं तर दोघी वेगळी उत्तरं देतात. १९९२ नंतरच्या हजारो निबंधांतली 'बीएमडीसी', म्हणजे मज्जेतून वाढवलेली डेंड्रिटिक पेशी, त्यामुळे पुन्हा तपासणीला आली. आज ही प्लेट लावणाऱ्यानं फक्त सीडी-११सी बघून थांबू नये. एमएचसी-२ जास्त आणि सीडी-११बी मध्यम असलेला गट वेगळा धरावा, सीडी-११५ असलेला गट बाजूला काढावा, आणि दोघांचे आकडे वेगवेगळे द्यावेत. अस्सल पेशी हव्या असतील तर एफएलटी-३ लिगँड या दुसऱ्या वाढघटकावर आठ-नऊ दिवसांचं कल्चर लावावं. त्यात दिवस जास्त जातात आणि पेशी कमी टिकतात, पण प्लीहेत सापडणाऱ्या जातींच्या त्या जास्त जवळ असतात.